दुसऱ्याच्या ओंजळीने

लोकशाही पैशाने शिकविता येते, आणि तो पैसा बाहेरच्या राष्ट्रांनी पुरविला तरी बिघडत नाही, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित वर्गात बराच काळ रूढ आहे. आशिया खंडातील गरीब देशांत निवडणुका नीट व्हाव्यात, कारभार स्वच्छ व्हावा, अधिकाऱ्यांस हिशेबाची शिस्त लागावी, एवढ्यासाठी श्रीमंत राष्ट्रांनी निधी द्यावा व आपण तो कृतज्ञतेने घ्यावा, असा या समजुतीचा व्यवहारातील अर्थ होतो. १ जुलै २०२५ रोजी अमेरिकेच्या 'यूएसएड' या मदतसंस्थेचे काम थांबले, तेव्हा आता आशियातील लोकशाहीचा टेकू गेला, असा शोक काही जाणत्या मंडळींनी केला. त्याच्या थोडे आधी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, भारतातील मतदान वाढविण्याकरिता ठेवलेली २ कोटी १० लाख डॉलरांची रक्कम रद्द केल्याचे वॉशिंग्टनहून जाहीर झाले होते. तेव्हा दुसऱ्या पक्षाने परकीय हस्तकांच्या नावाने हाकाटी पिटली. ती रक्कम बांगलादेशासाठी होती असे वृत्तपत्रांच्या तपासात पुढे आले. परंतु तोपर्यंत दोन्ही बाजूंची भाषणे उरकून गेली होती!

आम्हास हे दोन्ही पक्ष सारखेच चुकलेले दिसतात. एकास परक्याचा पैसा अमृत वाटतो, दुसऱ्यास विष वाटते. परंतु त्या पैशाच्या अंगी लोकशाही घडविण्याचे किंवा बिघडविण्याचे सामर्थ्य आहे, हे दोघेही धरून चालतात. आमचे म्हणणे याहून वेगळे आहे. ज्या पैशाचा हिशेब खर्च करणाराने गावापुढे मांडावा लागत नाही, तो पैसा गावास स्वराज्य शिकवू शकत नाही. मग तो वॉशिंग्टनहून येवो, दिल्लीहून येवो, की मुंबईहून. या म्हणण्यास पुरावा म्हणून दूर कोठे जाण्याचे कारण नाही. वैनगंगेच्या काठचा भंडारा जिल्हा पुरेसा आहे. कारण परकीय मदत, लोकशाही आणि ग्रामीण कारभार या तिन्हींचा धागा या जिल्ह्याच्या इतिहासात एकत्र आलेला आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य करून टाकू. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू त्याज्य असते असे आम्ही म्हणत नाही. भंडारा हा धानाचा जिल्हा. फिलिपीन्समध्ये अमेरिकन धर्मादाय संस्थांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या भातसंशोधन संस्थेने १९६६ साली 'आय. आर. ८' हे बुटके वाण बाहेर काढले, आणि त्या जातकुळीच्या वाणांनी आशियातील कोट्यवधी मुखांस अन्न दिले. पोलिओच्या निर्मूलनात परदेशांचा व आंतरराष्ट्रीय संस्थांचा वाटा होता, आणि २०११ च्या जानेवारीनंतर या देशात त्या रोगाचा नैसर्गिक रुग्ण आढळलेला नाही. बियाणे आणि लस यांस मायभूमी नसते. पऱ्हे कोणाच्याही घरून आणले तरी रोवणी केल्यावर ते वाढते. परंतु तलावाची पाळ ही वस्तू निराळी आहे. ती ज्याच्या शेताला पाणी हवे त्यानेच बांधावी लागते, त्यानेच राखावी लागते, आणि फुटली तर रात्री कंदील घेऊन त्यानेच धावावे लागते. लोकशाही ही पाळीच्या जातीची आहे, बियाण्याच्या नव्हे. हा भेद न ओळखल्यामुळेच सारा घोटाळा माजला आहे.

आता इतिहास पाहा. १९५१-५२ साली या देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. सतरा कोटींहून अधिक मतदार, त्यांतील बहुसंख्य निरक्षर. पक्षांची चिन्हे ओळखून मतपत्रिका पेटीत टाकायची. सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली हे अवाढव्य कार्य आपल्याच तिजोरीतून व आपल्याच माणसांनी पार पाडले. कोणत्याही परराष्ट्राने आपल्यास मतदानाचे धडे दिले नव्हते. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५४ साली, भंडारा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ दोन जागांचा होता; एक सर्वसाधारण, एक राखीव; आणि प्रत्येक मतदारास दोन मते होती. राखीव जागेसाठी स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले, डॉ. आंबेडकरांचा मात्र काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी पराभव केला. या निवडणुकीची एक हकीकत सांगितली जाते. बाबासाहेबांच्या काही अनुयायांचे म्हणणे पडले की, आपल्या लोकांनी एक मत त्यांस द्यावे आणि दुसरे कोणासच न देता कुजवावे. बाबासाहेबांनी ते साफ नाकारले. ज्याने राज्यघटना घडविली त्याने मत फुकट घालविण्याचा उपदेश करणे त्यांस शोभेना. पराभव पत्करला, पण नियमाचा आत्मा मोडला नाही. लोकशाहीचे याहून चांगले शिक्षण जगातील कोणती मदतसंस्था किती लक्ष डॉलर घेऊन देणार होती?

त्याच सुमारास सरकार मात्र दुसऱ्या वाटेने चालले होते. भंडारा जिल्हा त्या वेळी मध्यप्रदेशात होता. १९४८ च्या कायद्याने तेथे तालुक्यागणिक जनपद सभा स्थापन झाल्या होत्या. त्यांत दोष होते. सत्ता अपुरी होती, आणि सरकारी अधिकाऱ्याची सावली त्यांवर पडलेली होती. तरीही तालुक्याचा कारभार तालुक्याने पाहावा, हा विचार त्यांत होता, आणि तो आपला होता. तो वाढू देण्याऐवजी १९५२ च्या जानेवारीत अमेरिकेशी तांत्रिक सहकार्याचा करार झाला, ५ कोटी डॉलरांचा निधी उभा राहिला, आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात ५५ ठिकाणी सामूहिक विकास योजना सुरू झाली. चीनमध्ये साम्यवादी सत्ता येऊन तीनच वर्षे झाली होती. भारतातील खेडे त्या वाटेने जाऊ नये, ही चिंता या औदार्याच्या मुळाशी होती, हे त्या काळच्या अमेरिकन मुत्सद्द्यांनी लपविलेही नाही. योजनेतील ग्रामसेवकांच्या शिक्षणास फोर्ड प्रतिष्ठानने पैसा दिला. पुढे देशाचे सारे तालुके गटांत विभागले गेले. आज पवनी, लाखांदूर किंवा मोहाडीच्या पंचायत समितीत जो 'गटविकास अधिकारी' बसतो, त्याच्या पदनामातील 'गट' हा त्याच योजनेचा वारसा आहे.

आणि फळ काय आले? १९५७ साली बळवंतराय मेहता समितीने या योजनेची तपासणी केली. तिचा निष्कर्ष असा की, विकासाचे काम लोकांनी आपले मानले नाही. लोकांचा पुढाकार जागृत करण्यात योजना अपयशी ठरली. कसे मानावे? योजना वरून आली, पैसा त्याहून वरून आला, ग्रामसेवकाची नेमणूक वरून झाली, आणि त्याने भरलेली कोष्टके वर गेली. गावाकडे फक्त हार घेऊन उभे राहण्याचे काम उरले. या अनुभवातून समितीने पंचायत राज्याची शिफारस केली. पुढे वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून महाराष्ट्राने १९६१ चा कायदा केला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. म्हणजे परकीय मदतीने जे साधले नाही, ते साधण्यासाठी अखेर गावाच्या हाती काही सत्ता द्यावी लागली.

येथे पुन्हा भंडाऱ्याच्या त्या खासदाराकडे वळू. अशोक मेहता हे मूळचे भावनगरचे. स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंग भोगलेले, विद्वान आणि निःस्वार्थी. १९६३ साली ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले व पुढे नियोजनमंत्री झाले. १९६६ साली देश दुष्काळात होरपळत असता तेच वॉशिंग्टनला बोलणी करण्यास गेले. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. त्याच्या बदल्यात जेवढ्या मदतीची आशा दाखविली होती, तेवढी पुढे आली नाही. त्याच काळात अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे थोडी थोडी करून, जणू आखडत्या दोरीने, सोडण्याचे धोरण ठेवले होते. व्हिएतनामवरील बाँबवर्षावाविरुद्ध भारताने बोललेले त्यांस रुचले नव्हते. ज्या राष्ट्राने आशियातील सर्वांत मोठी लोकशाही म्हणून आपली पाठ थोपटली, त्यानेच त्या लोकशाहीच्या लोकप्रतिनिधींनी काय बोलावे हे गव्हाच्या पोत्यावर मोजून पाहिले. यात अशोक मेहतांच्या सचोटीस बाध येत नाही. भंडाऱ्याच्या मतदारांनी १९६७ साली त्यांस पुन्हा निवडून दिले. परंतु सचोटीचा माणूसही जेव्हा घेणाऱ्याच्या आसनावर बसतो, तेव्हा देणाऱ्याची भाषा त्यास बोलावी लागते, एवढे यावरून सिद्ध होते. आणि विधिसंकेत असा की, १९७७ च्या अखेरीस जनता सरकारने पंचायत राज्याच्या फेरविचारासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्षपद याच अशोक मेहतांकडे आले. १९७८ च्या अहवालात त्यांनी मंडल पंचायती मागितल्या आणि पंचायत राज्यास राज्यघटनेचे संरक्षण मागितले. वॉशिंग्टनची वाट चालून पाहिलेला हा पुरुष अखेर गावाच्या पंचायतीपाशी येऊन थांबला, याचा अर्थ वाचकांनीच लावावा.

देणाऱ्यांचे लोकशाहीप्रेम किती खरे, हे पाहण्यास आशियाचा नकाशा पुरे आहे. पाकिस्तानात अयूब खानांपासून झियांपर्यंतच्या सेनापतींस, इंडोनेशियात सुहार्तोंस, फिलिपीन्समध्ये मार्कोस यांस मदत मिळत राहिली. अफगाणिस्तानात २००१ पासून वीस वर्षे अमेरिकेने पुनर्रचनेवर शंभर अब्ज डॉलरांहून अधिक खर्च केला. निवडणुका झाल्या, मंत्रालये उभी राहिली, सुशासनाची प्रशिक्षणे झाली. आणि १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल एका दिवसात पडले. पण दुसऱ्याकडे बोट दाखवून आम्ही थांबणार नाही. काबूलमधील संसदेची भव्य इमारत भारताने बांधून दिली. २०१५ च्या डिसेंबरात तिचे उद्घाटन आपल्या पंतप्रधानांच्या हस्ते झाले. इमारत उभी आहे, संसद नाही. दाता आपण झालो म्हणून नियम बदलत नाही.

येथपर्यंत वाचून परकीय हस्तकांची हाकाटी करणारा पक्ष संतुष्ट होईल. त्याने घाईने संतुष्ट होऊ नये. परकीय पैशाने लोकशाही येत नाही, हे खरे. परंतु स्वकीय पैशाने ती आपोआप येते काय? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाच्या कसबी लोकांनी ते बांधले. त्या काळच्या कारभारास लोकशाही म्हणणे ही थट्टा होईल. मालगुजार हा मालगुजारच होता आणि पाळीवर वेठही होती. तरी गाळ काढणे, पाळ राखणे, पाण्याच्या पाळ्या लावणे ही कामे गावात ठरत. १९५१ साली मालगुजारी गेली, ती योग्यच गेली. पण तलाव गावाकडे न येता सरकारकडे गेले. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. आणि तलाव गाळाने भरत गेले; कारण ज्याचे शेत होते त्याच्या हाती अधिकार नव्हता, आणि ज्याच्या हाती अधिकार होता त्याचे शेत नव्हते. यात वॉशिंग्टनचा काडीचाही संबंध नाही.

गोसीखुर्दचे तसेच. पवनी तालुक्यात वैनगंगेवर बांधलेल्या या धरणाचा १९८३ सालचा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले. पुढे अंदाज अठरा हजार कोटींच्या वर गेला, आणि अनेक वर्षे कालव्याची वाट पाहत शेतकऱ्यांच्या पिढ्या सरल्या. पाटबंधाऱ्यांच्या कारभारावर सरकारला २०१२ साली श्वेतपत्रिका काढावी लागली. या धरणातील पैसा आपला, अभियंते आपले, ठेकेदारही आपलेच! पण बुडालेल्या गावांस किंवा लाभधारक गावांस त्या खर्चाची वही कधी उघडून पाहता आली काय? गावाच्या दृष्टीने तो पैसा परकाच होता.

यावर एक सज्जन आक्षेप घेतील की, परकीय पैशाच्या काही योजनांनी तर ग्रामसभा भरविल्या. जागतिक बँकेच्या कर्जावर २००३ पासून राज्याच्या २६ जिल्ह्यांत चाललेल्या 'जलस्वराज्य' योजनेत ग्रामसभेची संमती ही अटच होती. मान्य आहे; आणि त्या अटीमुळे काही गावांत स्त्रिया प्रथमच सभेत बोलल्या असतील तर त्याचा आनंदच आहे. परंतु कर्जाच्या अटीसाठी भरलेली सभा ही अट संपेपर्यंतची सभा असते. शिवाय ते कर्ज होते. फेडणारे आपण, अट घालणारे ते. जी गोष्ट कायद्याने आधीच बंधनकारक आहे ती करून घेण्यासाठी सावकाराची गरज पडावी, याचा अभिमान बाळगावा की लाज?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो थोर माणसाचा आहे. घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी बजावले होते की, आपल्या खेड्यात संकुचितपणा व जातिभेद यांचे वास्तव्य आहे, आणि घटनेच्या नीतीची मशागत करावी लागते. ती आपोआप उगवत नाही. मग गावाच्या हाती सारे सोपविल्यास दुबळ्याचे काय होईल? आम्हास हा आक्षेप पूर्णपणे मान्य आहे. म्हणूनच आम्ही कायदा बाहेरचा असावा असे म्हणतो: राखीव जागा, स्त्रियांचा निम्मा वाटा, न्यायालय, गुप्त मतदान, हे सर्व गावातील बलिष्ठांच्या मर्जीवर सोडता येत नाही. परंतु हिशेब मात्र गावातच व्हावा. संरक्षण वरून आणि जाब खालून, असा हा मेळ आहे. आणि खालून जाब विचारण्याची रीत आपल्यास कोणी परदेशातून शिकविलेली नाही. राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून गावोगाव जनसुनावण्या घेतल्या. मजुरांच्या हजेरीपटावरील खोटी नावे भर सभेत वाचून दाखविली. ती संघटना परदेशी पैशासच काय, कोणत्याही संस्थेच्या निधीस शिवत नाही. त्या चळवळीतून, आणि महाराष्ट्रात २००२ साली झालेल्या कायद्यासारख्या प्रयत्नांतून, २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. अगदी शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात मेंढा-लेखा या गोंड आदिवासींच्या गावाने सर्वसंमतीने निर्णय करण्याची रीत घातली, २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला, आणि २०११ पासून आपल्या जंगलातील बांबू स्वतः विकला. त्या बांबूचा हिशेब ग्रामसभेस द्यावा लागतो. कारण बांबू तिचा आहे. सुशासनाचे सारे शास्त्र या एका वाक्यात आले.

आता परकीय देणग्यांवरील निर्बंधांविषयी दोन शब्द. १९७६, २०१० आणि २०२० या सालांच्या कायद्यांनी सेवाभावी संस्थांच्या परदेशी देणग्यांवर सरकारने पकड घट्ट केली. ज्या संस्थेचा अहवाल गावच्या चावडीवर कधी वाचला गेला नाही, पण परदेशस्थ दात्याकडे दर तिमाहीस नियमाने गेला, तिच्याविषयी आम्हास फारशी कणव नाही. परंतु त्या संस्थेस देशद्रोही म्हणणाऱ्या सरकारने आपली बाजूही तपासावी. महाराष्ट्रात मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि नव्या निवडणुकीस जानेवारी २०२६ उजाडला. राज्यातील कितीतरी नगरपालिका व जिल्हा परिषदा त्या काळात प्रशासकांच्या हाती होत्या. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयास निवडणुका घ्या म्हणून फर्मावावे लागले. आरक्षणाचा वाद हे कारण सांगितले गेले. पण कोट्यवधी नागरिक इतकी वर्षे आपल्या नगरसेवकाविना राहिले, हे कोणत्या परराष्ट्राचे कारस्थान होते?

राहिला प्रश्न आपला, म्हणजे ही पाने वाचणाऱ्या घरांचा. परकीय मदत असावी की नसावी यावर आपल्या दिवाणखान्यांत वाद रंगतात. वॉशिंग्टनच्या सिनेटरांची नावे आपल्यास पाठ असतात. परंतु भंडारा वा तुमसर येथील नगरपालिकेचे अंदाजपत्रक किती जणांनी उघडून पाहिले आहे? ग्रामपंचायतीस वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्यांत शिक्षक, वकील, डॉक्टर, निवृत्त अधिकारी किती बसतात? आपण घरपट्टी भरतो आणि तेथेच आपले नागरिकत्व संपले असे मानतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींस दिलेल्या अनुदानातील साठ टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांस बांधलेली होती. गावाने स्वतःच्या बुद्धीने खर्चावा असा भाग त्याहून लहान. म्हणजे गावाची झोळी भरणारा हातच गावाचे मन चालवितो. हे बदलावयाचे असेल तर गावाच्या स्वतःच्या उत्पन्नाची साधने वाढविली पाहिजेत, तलाव व त्यातील मासळी यांचे हक्क ज्यांच्या श्रमावर ते चालतात त्यांस दिले पाहिजेत, आणि प्रत्येक कामाचा खर्च, मग पैसा कोणाचाही असो, त्या गावच्या सभेत मोठ्याने वाचल्याशिवाय पुढील हप्ता निघू नये असा नियम झाला पाहिजे. निवडणुकीची मुदत टळू देणे हा अपवाद नसून अपराध आहे, असे जनमत झाले पाहिजे.

दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणारास तहान किती लागली हे दुसराच ठरवितो. भंडाऱ्याच्या भूमीत तलावांस तोटा नाही. आपली ओंजळ पुढे करण्याचा संकोच मात्र आपला आपणच सोडावयास हवा. त्यासाठी निधी देणारी संस्था अद्याप जगात निघालेली नाही.